डब्यातलं लोह अंगी लागावं म्हणून

डब्यात मेथीची भाजी किंवा मटकीची उसळ दिली, म्हणजे मुलाला लोह मिळालं असं आपण धरून चालतो. पण डब्यातलं सगळं लोह रक्तात पोचत नाही. पालेभाज्या, धान्यं, कडधान्यं यांतलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं. आतड्याला ते सहज शोषता येत नाही. त्यात भर म्हणजे धान्यं-कडधान्यांतलं फायटिक आम्ल त्याला धरून ठेवतं. क जीवनसत्त्व इथे मदतीला येतं. ते फेरिकचं फेरस, म्हणजे शोषायला सोपं रूप, करतं आणि लोह विरघळलेलं ठेवतं. मात्र ते त्याच जेवणात पोटात जायला हवं. सकाळच्या संत्र्याचा दुपारच्या उसळीला फारसा उपयोग नाही.

उकळत्या भाजीत लिंबू पिळू नका, उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होतं. डब्यात लिंबाची फोडच द्या. त्याहून सोपा उपाय म्हणजे पेरू. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या जवळजवळ चौपट. महागड्या फळांमागे धावणाऱ्या पालकांनी याचा जरूर विचार करावा. कडधान्याला मोड आणण्याची आपली रीतही मोलाची आहे, कारण त्या वेळी फायटेज हे विकर फायटिक आम्ल तोडतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची 67 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. लोहाची कमतरता हे त्यामागचं एक मोठं कारण. त्यांतली अनेक मुलं आता शाळेत डबा नेतात. घरी आल्यावर उरलेला डबा खाताना सोबत चहा मात्र देऊ नका. त्यातली टॅनिनं लोह अडवतात.