‘करमेना’ आणि ‘करत नाही’ : विद्यार्थ्यांच्या परस्पर-आधाराची भाषा

विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्र व वैद्यक यांच्या कक्षेतील मानला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि अस्वस्थ विद्यार्थी आपली व्यथा प्रथम ज्याच्यापाशी बोलून दाखवितो, तो बहुधा तज्ज्ञ नसून खोलीतील सोबती असतो. ती व्यथा वाक्यांच्या रूपाने प्रकट होते व सोबत्याचे उत्तरही वाक्यांचेच असते. म्हणून सहाध्यायांनी एकमेकांस द्यावयाच्या आधाराचा विचार भाषेच्या अंगाने करणे अगत्याचे ठरते. प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरूनही दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते, व ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती.

उदाहरणादाखल इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे गाव घेऊ. भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयात जुने पळसदेव बुडाले आणि गाव नव्या जागी वसले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले म्हणजे पळसनाथाचे जुने देऊळ आजही उघडे पडते. ज्या गावास जुनी जागा सोडून नव्या जागी वसावे लागले, त्याला ‘करमणे’ या क्रियापदाचा अर्थ कोशातून शिकावा लागत नाही. अशा गावातून एखादा विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यास आला व पहिल्या सत्राच्या मध्यास सोबत्याला म्हणाला, “करमंना बघ. अभ्यास हुईना. रातीला झोप लागंना,” अशी कल्पना करावी. सोबती सद्भावनेने उत्तर देतो, “अभ्यास का करत नाहीस? उगाच टेन्शन घेऊ नकोस.” येथे संभाषण संपते. ते का संपते, याचे कारण सोबत्याच्या स्वभावात शोधण्यापूर्वी या दोघांच्या व्याकरणात शोधले पाहिजे.

मराठीत मनोव्यथा सांगणाऱ्या वाक्यांचा एक मोठा वर्ग असा आहे की, त्यांत व्यथित माणूस कर्ता नसतो. ‘मला करमत नाही’, ‘मला काही सुचत नाही’, ‘मला भीती वाटते’, ‘मला झोप लागत नाही’ या वाक्यांत ‘मी’ प्रथमेत न येता ‘मला’ या रूपाने येतो. तो क्रिया करीत नाही. ती त्याच्या अनुभवास येते. या क्रियापदांची आज्ञार्थी रूपेही व्यवहारात आढळत नाहीत. ‘अभ्यास कर’ असे कोणासही सांगता येते. ‘तू करम’ किंवा ‘तुला सुच’ असे कोणी सांगत नाही. जे माणसाच्या इच्छेच्या अधीन नाही त्याची आज्ञा करता येत नाही, ही जाणीव भाषेने आपल्या रचनेतच सांभाळली आहे.

दुसरी गोष्ट ‘-ना’ या नकारी रूपाची. ‘दार उघडत नाही’ व ‘दार उघडेना’ यांत सूक्ष्म भेद आहे. दुसऱ्या वाक्यात दार उघडण्याचा प्रयत्न झाला आहे व तो निष्फळ ठरत आहे, असा अर्थ गर्भित असतो. ‘करमेना’, ‘सुचेना’, ‘पाठ होईना’ ही याच घडणीची रूपे होत. इंदापूर-बारामतीकडील बोलीत ती ‘करमंना’, ‘सुचंना’ अशी ऐकू येतात. तेव्हा ‘अभ्यास हुईना’ म्हणणाऱ्याने प्रयत्न केल्याचे आधीच सांगितलेले असते. त्यावर ‘का करत नाहीस?’ असे विचारणे म्हणजे त्याचा प्रयत्न नाकारणे व दुःखाचे रूपांतर दोषात करणे होय. ‘टेन्शन’ या आता रूढ झालेल्या शब्दाचीही तीच गत आहे. विद्यार्थी म्हणतो, टेन्शन ‘येते’. सोबती म्हणतो, ‘घेऊ’ नकोस. येणारी गोष्ट घेतलेली ठरली की ती बाळगणारा अपराधी ठरतो.

यावरून सहाध्यायी-आधाराचा पहिला नियम निघतो : बोलणाऱ्याचे वाक्य त्याच्याच व्याकरणात ठेवून पुढे न्यावे. “कधीपासून करमंना?”, “झोप मुळीच लागत नाही, की लागून मोडते?” अशा प्रश्नांत दोषारोप नसतो, त्यामुळे पुढील वाक्यास वाट मिळते. समुपदेशकासमोर हाच विद्यार्थी बोली टाकून ‘कॉन्सन्ट्रेशन होत नाही’ असे उसने वाक्य बोलण्याचा संभव असतो. समवयस्कापाशी ‘तू’ने बोलताना हे भाषांतर करावे लागत नाही, हे सहाध्यायाचे विशेष बळ होय.

अशा सोबतीची परंपरा महाराष्ट्रास अपरिचित नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास सुरू केलेल्या वसतिगृहात विविध जातींची मुले एकत्र राहत. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने ग्रामीण विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाचा भार उचलला. तेथे सोबत सहवासातून आपोआप लाभे. ऐकणे हेच शिकवून अंगी बाणवावयाचे काम मानण्याची कल्पना मात्र निराळी आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७० मध्ये विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी ‘नाइटलाइन’ नावाची रात्रीची श्रवणसेवा सुरू केली, ती याच कल्पनेवर. झिंबाब्वेतील हरारे येथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वयस्क स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘मैत्रीचा बाक’ हा उपक्रम चालविला. त्यात वैद्यकीय संज्ञेऐवजी ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे ‘अतिविचार’, हा शोना भाषेतील लोकांचा शब्दच स्वीकारला गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७३ व्यक्तींचा समावेश होता, व उपक्रमाचा लाभ मिळालेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनी लक्षणीय प्रमाणात कमी आढळली. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत गावकऱ्यांनाच आधारमित्र करणारा जो प्रयोग केला, त्याचे ‘आत्मीयता’ हे नावही लोकांच्या परिचयाचेच आहे.

तथापि या आधारास मर्यादा आहेत, व त्या स्पष्टपणे सांगणे इष्ट आहे. एक, सहाध्यायी हा उपचारक नव्हे. निदान व औषध हे त्याचे क्षेत्र नाही. दोन, गावचा सोबती जसा बोली जाणतो तसा घरही जाणतो. पुण्यातील गोष्ट पळसदेवास पोहोचेल या भीतीने विद्यार्थी गप्प बसू शकतो. म्हणून गुप्ततेचे वचन व तिची सीमा ही दोन्ही आरंभीच सांगितली पाहिजेत. तीन, ही सीमा जिवाच्या धोक्यापाशी येते. ‘नकोसे झाले आहे’, ‘आपण नसलेलेच बरे’ अशी वाक्ये कानी आली तर ती अलंकारिक समजून सोडू नयेत. मरणाचे विचार येतात काय, हे सरळ व शांतपणे विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, या समजुतीस संशोधनाचा आधार नाही. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये, आणि जबाबदार अध्यापक व तज्ज्ञ यांना विनाविलंब कळवावे. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. चार, ऐकणाऱ्याच्याही मनावर भार पडतो. तो उतरविण्यासाठी त्याला स्वतःला कोणीतरी वडीलधारे मार्गदर्शक हवे.

या कार्यात भाषाविभागांचा वाटा कोणता, असा प्रश्न उरतो. आधारमित्रांच्या प्रशिक्षणासाठी लागणारे साहित्य पुष्कळदा परभाषेतून आणले जाते, व त्यातील वाक्ये कोणत्याही तालुक्यात कोणी बोलत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या बोलीतील व्यथादर्शक क्रियापदे, त्यांची नकारी रूपे व त्यांवर दिली जाणारी रूढ उत्तरे संकलित केल्यास त्या प्रशिक्षणास भक्कम पाया लाभेल. बोलीविज्ञानाच्या अभ्यासकास हे काम अवघड नाही. ‘करमंना’ या रूपाची नोंद आजवर बोलीचा नमुना म्हणून झाली असेल. ते रूप उच्चारणाऱ्यास काय होत होते, हेही त्याच नोंदीत यावयास हवे.