मढचे फोटो मढवाल्यांनाही मिळोत

वर्सोव्याच्या जेट्टीवरून होडीत बसले की काही मिनिटांत मढ. हीच वाट रस्त्याने धरली तर मालाड, मार्वे असा वीस किलोमीटरहून जास्त वळसा पडतो. म्हणून होडीत सगळेच असतात: मासळीच्या टोपल्या, शाळेची पोरे, मोटरसायकली आणि रविवारी आमच्यासारखी हवा खायला निघालेली कुटुंबे. नावात आयलंड असले तरी मार्वेच्या बाजूने मढला रस्ता आहे. आणि बेटच म्हणायचे तर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी उपनगरे साष्टी बेटावरच वसलेली आहेत. लोकलच्या गर्दीत ते आठवत नाही, एवढेच.

आम्ही जोगेश्वरीला राहतो. आमच्या दोघी मुलींच्या मोबाईलमध्ये मढचे फोटो साठत गेले. सुरुवातीचे सगळे एकासारखे एक: मावळता सूर्य, लाटा, पाठमोरी उभी बहीण. किल्ल्याचा फोटो काढायला मिळेल असे वाटले होते, पण तो हवाई दलाच्या ताब्यात आहे. तेव्हा मुली कोळीवाड्याकडे वळल्या. बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील, जमिनीवर पसरलेला जवळा, त्यावर राखणीला बसलेली आजी, डोल जाळ्याची फाटकी बाजू मांडीवर घेऊन शिवणारे काका. हे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले तर रत्नागिरीच्या खालांचा लगेच फोन आला. तिकडे आमच्या दालदी नातेवाइकांच्या घरी तीच जाळी, तोच वास. खाला म्हणाल्या, "सूर्य तर आमच्याकडेही मावळतो गं, हे पाठवत जा."

पण एका रविवारी जवळा निवडणाऱ्या एका मावशींनी तोंडावर पदर ओढला. धाकटीने मोबाईल खाली केला. मावशी रागावल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्या सांगू लागल्या की कुणीतरी त्यांचा फोटो काढून नेला होता. भिजलेले लुगडे, विस्कटलेले केस, आणि तो फिरत फिरत त्यांच्या सुनेच्या माहेरी पोचला. "काम करताना माणूस तसाच दिसणार. पण विचारायचं तरी." मग त्या आणखी एक बोलल्या, ते आम्हाला जास्त लागले: एवढी माणसे येतात, फोटो काढतात, आम्हाला कधी कुणी एक आणून दिला नाही.

आपल्या घरात हे समजायला वेळ लागू नये. लग्नात कुणी न विचारता आपल्या आईचा, बहिणीचा फोटो काढून पुढे पाठवला तर केवढा तमाशा होतो! दुसऱ्याच्या दारात शिरण्याआधी सलाम करून परवानगी घ्या, हे लहानपणापासून शिकवले जाते. उघड्या किनाऱ्यावर दार दिसत नाही, पण ते असते. धाकटीने त्या दिवशी आधीच्या रविवारी काढलेले मावशींचे दोन फोटोही पुसून टाकले.

असे घडायची ही पहिली वेळ नव्हे. विल्यम जॉन्सन या इंग्रजाने मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. माणसे एका जागी उभी करून टिपलेली आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्याच छायाचित्रातून आणून जोडलेला. खाली जातीचे, जमातीचे नाव. त्या माणसाचे स्वतःचे नाव काय, कुणाचा बाप, कुणाचा भाऊ, हे आज त्या पानांवरून कळत नाही. आपल्या मोबाईलमधल्या "कोळीण, मढ" या फोटोचेही तेच होते.

फोटो काढूच नयेत असे आमचे म्हणणे नाही, उलट काढायला हवेत. वर्सोवा ते मढ पूल बांधायचे ठरले आहे, किनाऱ्याने भाईंदरपर्यंत रस्ताही आखला आहे. आजारी माणसाला अंधेरीच्या दवाखान्यात न्यायला पूल हवाच, मढवाले ते नाकारत नाहीत. पण वलांडीला मोकळी जागा लागते, आणि रस्ता आला की मोकळ्या जागेला भाव येतो. जाळी कुठे वाळत होती, होडी कुठे लागत होती, हे उद्या दाखवायचे तर आजचे साधे फोटोच कामी येतील. तारीख, जागा आणि माणसाची हरकत नसेल तर त्याचे नाव, एवढे जोडले तरी पुष्कळ झाले.

पुढच्या खेपेस आम्ही स्टेशनजवळच्या स्टुडिओतून आठ फोटो छापून नेले. जाळेवाल्या काकांनी आपला फोटो दोनदा पुसून खिशात ठेवला. आजीला चष्म्याशिवाय दिसेना, नातीने तो तिच्या डोळ्यांजवळ धरला. मावशींसाठी काहीच नव्हते, त्यांचे फोटो तर पुसलेले. त्या आत गेल्या, केस विंचरून, धुतलेले लुगडे नेसून बाहेर आल्या, आणि निवडलेल्या जवळ्याची टोपली मांडीवर घेऊन धाकटीला म्हणाल्या, "आता काढ. दोन प्रती आण, एक सुनेच्या माहेरी पाठवायची आहे."