विश्लेषण : घरी केलेले लाकडी बाकडे डुगडुगते का?

घरात वयस्कर माणूस असले की चपला-बूट घालायला दाराशी छोटे बाकडे हवे, असे वाटतेच. एवढ्याशा कामाला सुतार सहसा येत नाही. मग घरच्या घरी करवत-ड्रिल निघते, बाकडे उभेही राहते आणि महिन्याभरात डुलायला लागते. लाकूड पातळ पडले, असा समज होतो. खरा दोष बहुतेक वेळा सांध्यात असतो.

किती लाकूड लागते?

सर्वात सोपे बाकडे पाच फळ्यांचे. बसायची फळी ३६ इंच लांब, ११ इंच रुंद. पायांच्या दोन फळ्या १७ इंच उंच, १० इंच रुंद. पायांना जोडणाऱ्या दोन पट्ट्या ३२ इंच लांब, ४ इंच रुंद. जाडी सगळ्यांची एक इंच. गुडघे दुखत असतील तर पाय इंचभर उंच ठेवा. फार खालून उठणे जड जाते. नवा सागवान महाग पडतो. जुन्या दार-खिडक्यांचे लाकूड स्वस्त आणि मुरलेले असते, फक्त आत अडकलेले खिळे आधी शोधा. वखारीतून फळ्या कापून, रंधा मारून आणल्या की निम्मे काम संपले.

डुलते का?

बसणाऱ्याचे वजन सरळ खाली जाते, ते कोणतीही फळी पेलते. पण माणूस उठताना-बसताना बाकड्याला आडवा धक्का देतो. तो पेलतात बाजूच्या पट्ट्या. म्हणून पट्टी रुंद हवी. पायाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत एक इंच खोल, चार इंच उंच खाच काढून पट्टी त्यात घट्ट बसवा. वजन खाचेवर टेकते, स्क्रूवर लटकत नाही. प्रत्येक सांध्याला एकाखाली एक असे दोन स्क्रू हवेत. एकच मारला तर तो बिजागरीसारखा फिरतो! सोबत फेव्हिकॉल आणि रात्रभर विश्रांती.

दुसरी चूक लाकडाच्या रेषांची. पायाच्या फळीत रेषा उभ्याच हव्यात. आडव्या असतील तर पाय रेषेवरच तुटू शकतो. शिवाय पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. रेषा उभ्या असल्या की पाय आणि वरची फळी एकाच दिशेने फुगतात, सांध्यावर ताण येत नाही.

स्क्रूसुद्धा रेषांना आडवा गेला तर पकडतो, रेषांच्या दिशेने गेला तर सैल पडतो. म्हणून वरची फळी पायाच्या माथ्यावर न ठोकता पट्ट्यांना स्क्रूने जोडा. ८ नंबरच्या स्क्रूसाठी आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडा, नाहीतर फळी चिरते.

उलटते का?

पाय टोकांपासून फार आत असले की कडेला बसणारा बाकड्यासकट कलंडतो. माझे पहिले बाकडे असेच उलटले, सुदैवाने वर मीच होतो. पाय टोकापासून तीन इंचांवर ठेवा. पायाच्या खालच्या कडेत मधोमध उलटा व्ही कापला, की बाकडे चार टोकांवर टेकते आणि फरशीचा उंचसखलपणा कमी जाणवतो.

कडा पॉलिश पेपरने गोल करा. पॉलिश लावायच्या आधी अगदी टोकाला बसून, झटक्याने उठून पाहा. सांधा कुरकुरला, तर तो आत्ताच उघडता येतो.