जुन्या कोठाराचं वय कसं काढतात?

"सर, हा वाडा किती जुना?" मुलांना परिसर भेटीला नेलं की हा प्रश्न येतोच. आपण म्हणतो, आजोबांना विचार. पण आजोबांच्याही आधीचं काही असेल तर? इंग्लंडच्या खेड्यांत ओकच्या लाकडी सांगाड्याची, गवतानं शाकारलेली धान्याची जुनी कोठारं आहेत. त्यांचं वय शोधायची रीत मुलांना सांगण्यासारखी आहे.

पहिल्यांदा आपण फसतो ते छपरावरून. गवताचा वरचा थर काही दशकांनी बदलावाच लागतो, त्यामुळे नव्या छपराखाली कित्येक शतकांचा सांगाडा असू शकतो. (गंमत म्हणजे नवा थर बऱ्याचदा जुन्यावरच चढवतात. डेव्हनमधल्या काही घरांत सगळ्यात खालचं गवत मध्ययुगातलं, चुलीच्या धुरानं काळं पडलेलं सापडलंय.)

नेमकी तारीख असते लाकडात. झाड दरवर्षी एक वलय वाढवतं. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. तुळईतून ड्रिलनं पेन्सिलीएवढी कांडी काढायची, वलयं मोजायची आणि त्यांचा क्रम आधी तारखा ठरलेल्या क्रमाशी जुळवायचा. साधारण ५० वलयं तरी हवीत, नाहीतर जुळणीचा भरवसा नाही. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं. ओक वाळला की फार कठीण होतो, म्हणून सुतार तो ओलाच वापरत. त्यामुळे झाड तोडल्यावर लवकरच बांधकाम झालं असं धरता येतं.

खरी मेख इथेच आहे. सालीखालच्या कोवळ्या लाकडाला कीड आधी लागते आणि दुरुस्ती करणारा नेमकं तेच तासून टाकतो. ते गेलं की इंग्लंडच्या ओकसाठी ९ ते ४१ वलयं गेली असतील असा अंदाज धरावा लागतो. म्हणजे एका वर्षाऐवजी तीसेक वर्षांचा पट्टा हाती येतो! म्हणून आधी नोंद, मग दुरुस्ती.

नोंद म्हणजे नुसते फोटो नाहीत. प्रत्येक खांब, सांधा, खुंटी मोजून काढायची. एखाद्या तुळईत विनाकारण रिकामी खाच दिसली तर ती दुसऱ्या इमारतीतून आणलेली असू शकते, आणि मग तिचं वय कोठाराचं वय नव्हे. सुतारांनी कोरलेले जुळणीचे आकडे क्रमाने नसतील तर सांगाडा उतरवून पुन्हा उभारल्याची शंका घ्यायची.

या अभ्यासातलं एक मोठं नाव, सेसिल ह्युएट, पेशानं शिक्षक होते! एसेक्समधल्या इमारतींचे सांधे काढत त्यांनी सुतारकामाचा काळानुसार क्रम लावला. १९६९ साली त्यांचं पुस्तक आलं. सांध्यांवरून काळ ठरवणं सगळ्यांना पटलं नाही. पण क्रेसिंग टेम्पलच्या दोन कोठारांवर (आज तिथे कौलं आहेत) पुढे वलयांची तपासणी झाली. जवाच्या कोठाराची लाकडं १२०५ ते १२३५ मधली, गव्हाच्या कोठाराची १२५७ ते १२८० मधली निघाली.

आमच्या गावात गेल्या वर्षी एक वाडा उतरवला. तुळया थेट वखारीत गेल्या. मी रोज तिथूनच शाळेत जायचो. एक साधं रेखाटनसुद्धा केलं नाही.

सागालाही वार्षिक वलयं असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत त्यांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय. वखारीतून सागाच्या ओंडक्याची एखादी चकती मिळाली तर वर्गात आणा आणि मुलांना दर दहाव्या वलयावर टाचणी टोचायला सांगा. सुरुवात सालीकडून करायची.