घरात सिंगल फेज, दारात थ्री फेजचं लेथ मशीन : तिसरा फेज आणायचा कुठून?

कोल्हापूरचं उद्यमनगर असो नाहीतर पुण्याची भोसरी, कारखान्यात नवीन सीएनसी आलं की जुनं लेथ मशीन विकायला निघतं. मशीन दणकट असतं, भाव भंगाराच्या आसपास असतो. मग घरामागे पत्र्याची शेड असलेला कुणीतरी ते उचलतो. टेम्पोतून मशीन उतरतं, वायरमन येतो, मोटरवरची पाटी वाचतो आणि मान हलवतो. पाटीवर असतं ४१५ व्होल्ट, थ्री फेज. घरात असतं सिंगल फेज, २३० व्होल्ट.

इथून पुढे सल्ले सुरू होतात. एक म्हणतो कंडेन्सर लाव, दुसरा म्हणतो ड्राइव्ह लाव, तिसरा म्हणतो मोटरच बदलून टाक. गंमत म्हणजे तिघंही बरोबर असू शकतात. फक्त कुठला सल्ला कुठल्या मोटरला लागू पडतो हे कळलं नाही, तर वाइंडिंग जळतं.

आता आधी हे बघू की थ्री फेज मोटरला सिंगल फेज चालत का नाही.

पायाने चालवायचं जुनं शिलाई मशीन आठवा. पायडल फक्त खालीवर होतं. चाक बरोबर मधल्या जागी अडकलं असेल तर कितीही दाबा, ते फिरत नाही. म्हणून हाताने चाकाला एक हलका झटका द्यावा लागतो. झटका उलटा बसला तर मशीन उलटं पळतं आणि दोरा तुटतो. पण एकदा चाक फिरायला लागलं की पुढे नुसत्या पायावर चालतं.

सिंगल फेज वीज तशीच आहे. ती सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, पण गोल फिरवत नाही. थ्री फेजमध्ये तीन प्रवाह एकामागून एक, १२० अंशांच्या अंतराने येतात. त्यामुळे मोटरच्या आत चुंबकाची ताकद स्वतःच गोल फिरते आणि रोटर तिच्यामागे धावतो. अशा मोटरला नुसता सिंगल फेज दिला तर ती घों घों करत जागेवर थरथरते, भरमसाट करंट ओढते आणि काही वेळात जळते.

दुसरी भानगडही आहे. सिंगल फेजमध्ये मिळणारी पॉवर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. समतोल थ्री फेजमध्ये ती सलग एकसारखी मिळते. म्हणजे सिंगल फेजवर थ्री फेज मोटर नीट चालवायची, तर त्या १०० खड्ड्यांपुरती ऊर्जा कुठेतरी साठवून ठेवावी लागते. बाजारात मिळणारे सगळे उपाय म्हणजे ही ऊर्जा साठवायच्या वेगवेगळ्या जागा आहेत.

सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे कंडेन्सर. हा जुगाड महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना वेगळा सांगायची गरज नाही. गावाला सिंगल फेज लाइट असताना विहिरीवरची थ्री फेज मोटर कंडेन्सर लावून चालवायचे प्रकार गावोगावी झाले आहेत. दोन टोकांना लाइन, तिसऱ्या टोकाला कंडेन्सरमधून थोडा पुढेमागे सरकवलेला प्रवाह. मोटरला वाटतं, तिसरा फेज आला.

पण तो खरा तिसरा फेज नाही. कंडेन्सरचा आकडा एका ठरावीक लोडलाच जुळतो. पंख्यासारखा लोड एकसारखा असतो, तिथे हे निभावतं. लेथवर मात्र आत्ता मोकळं फिरतंय आणि पुढच्या क्षणी टूल लोखंडात घुसलंय. लोड बदलला की तिन्ही वाइंडिंगमधला तोल जातो आणि एक वाइंडिंग जास्त तापतं. चांगलं जमलं तरी मोटरची साधारण ७० टक्केच ताकद हाताशी येते. शिवाय मोटर सुरू करायचा कंडेन्सर काही सेकंदांपुरताच बनवलेला असतो. तो कायम लाइनवर ठेवला तर फुटतो. कायम ठेवायला रनिंगचा, ४४० व्होल्टचा लागतो.

दुसरी जागा म्हणजे फिरता रोटर. एक मोठी थ्री फेज मोटर कशीतरी सिंगल फेजवर सुरू करायची आणि बिनलोडची फिरत ठेवायची. फिरता फिरता ती स्वतःच तिसऱ्या टोकावर व्होल्टेज तयार करते आणि त्यावर दुसरं मशीन चालतं. याला रोटरी कन्व्हर्टर म्हणतात. ऐकायला हा गॅरेजमधला उद्योग वाटतो, पण भारतीय रेल्वेने हेच तत्त्व अनेक वर्षं वापरलंय. डोक्यावरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेत सिंगल फेज असतो. इंजिनातले ब्लोअर आणि कॉम्प्रेसर मात्र थ्री फेजवर चालतात. म्हणून जुन्या इलेक्ट्रिक इंजिनांत आर्नो कन्व्हर्टर नावाचं फिरतं यंत्र बसवलेलं असायचं. नंतर त्याची जागा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरने घेतली.

घरच्या वर्कशॉपमध्येही तेच झालंय. आता बहुतेक जण व्हीएफडी म्हणजे ड्राइव्ह लावतात. हा डबा आलेल्या एसीचं साधारण ३२५ व्होल्ट डीसी करतो, ते आतल्या कंडेन्सरमध्ये साठवतो आणि त्यातून ताजे तीन फेज बनवतो. मोटर झटका न देता सुरू होते, स्पीड कमीजास्त करता येतो, बटणावर उलटी फिरते. छोट्या मशीनसाठी सध्या याच्याइतका चांगला उपाय नाही.

फक्त एक मेख आहे. २३० घेणारा साधा ड्राइव्ह बाहेर जास्तीत जास्त २३० च देतो. पाटीवर तर ४१५ आहे.

इथे मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडून बघावा लागतो, अर्थात लाइन बंद करून. आपल्याकडे साधारण २ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक वेळा स्टारमध्ये जोडलेल्या असतात. स्टारमध्ये ४१५ दिले तरी प्रत्येक वाइंडिंगवर २४० च्या आसपासच व्होल्टेज येतं. म्हणजे तीच मोटर डेल्टात जोडली की २३० वर जवळपास पूर्ण ताकदीने चालते. अट एकच, बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर काढलेली हवीत. तीनच असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून आतला जोड सोडवून घ्यावा लागतो.

३ एचपी आणि त्यापुढच्या मोटरी सहसा आधीच डेल्टात असतात. त्यांना २३० दिले तर ताकद एक तृतीयांशाच्या खाली उतरते. मग २३० घेऊन ४१५ देणारा महागडा ड्राइव्ह घ्या, नाहीतर मोटर बदला. म्हणून जुनं मशीन घ्यायला जाताना आधी मोटरची पाटी आणि त्या डब्यातली टोकं बघावीत, रंग आणि गिअर नंतर.

करंटचं गणितही आधीच करावं. २ एचपीचा ड्राइव्ह पूर्ण लोडला सिंगल फेजमधून १४-१५ अँपिअर ओढू शकतो. घरातला १५ अँपिअरचा पॉइंट तिथेच संपतो. ३ एचपीला मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी लागतो. ५ एचपीच्या पुढे ओढाताण करण्यात अर्थ नाही, वीज कंपनीकडे थ्री फेज कनेक्शनचा अर्ज करावा.

ड्राइव्ह बसवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ड्राइव्ह आणि मोटरच्या मधे मशीनचा जुना स्विच ठेवला आणि चालू मशीनवर तो फिरवला, तर ड्राइव्ह उडतो. चालू, बंद, उलट हे सगळं ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच करायचं. कूलंट पंपाची मोटर वेगळी असेल तर तिचाही विचार करावा लागतो. खूप कमी स्पीडवर मोटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, म्हणून ती तापते. जुन्या लेथचा चक आट्यांवर बसवलेला असेल, तर ड्राइव्हने एकदम ब्रेक मारला किंवा झटक्यात उलटं फिरवलं की चक सुटून अंगावर येऊ शकतो. थांबायला काही सेकंद देणं हाच त्यावरचा उपाय.

लाइन बंद केल्यावरही डब्यातल्या कंडेन्सरमध्ये जीवघेणं व्होल्टेज काही मिनिटं टिकून असतं. त्यामुळे ड्राइव्हवर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा, मीटरने तपासायचं आणि मगच झाकण उघडायचं. मोटर, ड्राइव्ह आणि मशीनचा सांगाडा, तिन्हींना अर्थिंग हवंच.

राहता राहिला बिलाचा प्रश्न. छंद म्हणून केलेलं काम वेगळं आणि गिऱ्हाइकाची जॉब वर्कं वेगळी. ज्या वापरासाठी कनेक्शन मंजूर आहे त्याहून वेगळा वापर सापडला, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शेडमध्ये धंदा सुरू करायचा असेल तर कनेक्शनचा प्रकार आधी बदलून घ्यावा. तो अर्ज करतानाच थ्री फेजही मागता येतो, आणि तो मिळाला तर ड्राइव्ह फक्त स्पीड बदलण्यापुरता उरतो.