बाप्तिस्म्यानंतरची वाटचाल

धर्मांतर हा आपल्याकडे नेहमीच बातमीचा आणि वादाचा विषय राहिला आहे. कोणी, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून धर्म बदलला, याची चर्चा होते आणि ती तेथेच थांबते. जणू पाण्याचे चार थेंब मस्तकावर पडले की माणसाच्या आत जे काही व्हायचे ते होऊन गेले! ख्रिस्ती परंपरेची स्वतःची समजूत मात्र याहून वेगळी आहे. तिच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा जन्म आहे, आणि जन्मलेल्या बालकाला वाढावे लागते. नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात तर वर्षानुवर्षे श्रद्धेत असूनही ज्यांना अजून दूधच लागते, जड अन्न पचत नाही, अशांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. या वाढीला मराठी ख्रिस्ती ग्रंथांत ‘पवित्रीकरण’ असा शब्द आहे. देवाने क्षमा करणे ही एका क्षणाची गोष्ट. स्वभाव पालटणे हे आयुष्यभराचे काम.

हे काम किती चिवट आहे, याचा सर्वांत बोलका दाखला खुद्द पेत्राचा आहे. येशूच्या बारा शिष्यांतील हा अग्रणी. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्याला यापो येथे झालेल्या दृष्टान्ताची कथा येते. देवाने जे शुद्ध केले त्याला अशुद्ध मानू नकोस, असा तिचा आशय. त्यानंतर पेत्र कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला. यहुदी माणसाने परजातीयाच्या घरी जाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. इथे कथा संपली असती तर ती बोधकथा झाली असती. पण गलतीकरांस पत्रात पौल पुढचे सांगतो. अंत्युखियात पेत्र परजातीय ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीला बसत असे. यरुशलेमकडून काही कर्मठ मंडळी आली आणि लोक काय म्हणतील या भयाने तो हळूच पंगतीतून बाजूला झाला. त्याचे पाहून बार्णबाही सरकला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष, तोंडावर जाब विचारला. दृष्टान्त झालेला, प्रभूसोबत राहिलेला माणूस, आणि अडखळला तो जेवणाच्या पंक्तीत! हा प्रसंग नव्या करारातून कोणी गाळला नाही, याचे मला नेहमी विशेष वाटते.

पंगत म्हटली की मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येणे अपरिहार्य आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या मुलीचे माहेर सोवळ्याने जखडलेले होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात न घेणारे वडील ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना चांगलेच परिचित आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या नगरला त्यांच्याजवळ राहू लागल्या, तरी त्यांचे खाणेपिणे वेगळेच होते. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणा पाद्र्याला विचारला नाही. स्वतःलाच विचारला, आणि सर्वांच्या हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पेत्राचे पाऊल श्रद्धेनंतर अडखळले. लक्ष्मीबाईंचे पाऊल विधीच्या आधीच पुढे पडले होते. आध्यात्मिक वाढ नोंदवहीतल्या तारखांचा क्रम पाळत नाही, तो असा.

टिळकांचे काय? त्यांचा शीघ्रकोप धर्मांतराने नाहीसा झाला नाही. हे त्यांच्या पत्नीनेच, पुरेशा मिस्कीलपणे आणि कोठेही चरित्रनायकाची आरती न ओवाळता लिहून ठेवले आहे. हातचे सर्वस्व देऊन टाकण्याची उदार वृत्तीही जुनीच, आणि तिचा घरखर्चाला बसणारा फटकाही जुनाच. बदलले ते अधिक खोलवर. प्रारंभीच्या वर्षांत पूर्वधर्मावर टीका करणारी त्यांची लेखणी पुढे संतांच्या अभंगवाणीकडे वळली. तुकोबांकडून ख्रिस्ताकडे जाणारी वाट त्यांना स्वतःच्याच मातीत सापडली. कीर्तन, अभंग, ओवी ही रूपे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आजही ‘उपासना संगीत’ उघडले की त्यांची गीते पानोपानी भेटतात.

अशी वाढ एकट्याने होते काय? ख्रिस्ती परंपरेने याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच दिले आहे. कॅथलिकांत पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत. प्रॉटेस्टंटांत बायबलवाचन, प्रार्थना आणि मंडळीची सोबत. या सोबतीचा एक मासला मोठा गमतीदार आहे. १७४२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी सुमारे बारा-बारा जणांचे गट करून प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायचे ठरले. वसुलीसाठी घरोघरी जाणाऱ्या प्रमुखांना लोकांची खरी राहणी दिसू लागली: कोणी मद्यात बुडालेला, कोणाचा संसारात कलह. त्यातूनच दर आठवड्याला जमून एकमेकांच्या जीवाची विचारपूस करण्याची मेथडिस्टांची प्रथा रुजली. वर्गणीच्या पेटीतून निघालेले हे आत्मपरीक्षण! प्रवचने ऐकून जे उमजत नाही ते कधी कधी हिशेबाच्या निमित्ताने उमजते.

हिशेबाची हीच बाजू टिळकांच्या आयुष्यातही शेवटी आली. बाप्तिस्म्याला बावीस वर्षे लोटल्यावर, १९१७ साली, त्यांनी अमेरिकन मिशनची पगारी सेवा सोडली. पगारी प्रचारकाच्या शब्दावर लोकांचा विश्वास बसत नाही, ही खंत त्यांना होती. पण त्याहून मोठी ओढ संन्यस्त जीवनाची होती. वय पन्नाशीच्या पुढे, प्रकृती ढासळलेली, संसार अंगावर. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना प्रवेश होता. ज्या विधीसाठी त्यांनी घरदार आणि आप्त गमावले होते, तोच विधी त्यांनी आपल्या दरबाराच्या दाराशी अट म्हणून ठेवला नाही. हा निर्णय अनेक ख्रिस्ती बांधवांना पटला नाही, आणि तात्त्विक दृष्ट्या त्यावर आक्षेप घेता येतोच. परंतु १८९५ चे टिळक तो घेऊ शकले नसते, असे मला वाटते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेत कधी न गेलेल्या, विवाहानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईंनी ओवीमागून ओवी रचत ते पूर्णत्वास नेले.