बोटीचं इंजिन तापलं? नुसता इंपेलर बदलून काम भागत नाही

उमरेड : ट्रॅक्टर गरम झाला तर तो धुऱ्यावर उभा करून माणूस पायी घरी येतो. बोटीचं तसं नाही. गोसीखुर्दच्या पाण्यात मधातच इंजिन तापून बंद पडलं, की बसलेले सगळे वाऱ्याच्या हवाली. शेजारच्या कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेवरचा केबलचा पूल २०२४ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून तिथे पाहायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि आलेल्या माणसाला बोटीत बसायची हौस असतेच. पण बोटीचं इंजिन तापल्यावर नेमकं काय बिघडतं, हे ट्रॅक्टर आणि मोटरपंप कोळून प्यायलेल्या आपल्या भागातल्या मिस्त्रींनाही सहसा माहीत नसतं. काम मात्र त्यांना जमण्यासारखं आहे.

डोंग्याला मागे अडकवतात ते आउटबोर्ड. मोठ्या बोटीत स्टर्नड्राइव्ह असू शकतो. यात इंजिन बोटीच्या आत, मागच्या फळीला लागून बसतं आणि पंख्याचा खालचा भाग, म्हणजे ड्राइव्ह, फळीच्या बाहेर पाण्यात लटकतो. व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ मध्ये ही पद्धत बाजारात आणली. आतून बाहेर ताकद नेणारा जॉइंट क्रॉस ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला असतो तसाच. फरक एवढाच, की हा फळीला पाडलेल्या भोकातून जातो आणि ते भोक पाण्याच्या पातळीखाली असतं. पाणी आत येऊ नये म्हणून त्यावर घड्यांचा रबरी बेलोज असतो, गाडीवाल्यांच्या भाषेत बूट. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येते.

या इंजिनाला थंड करतं ते धरणाचंच पाणी. ड्राइव्हच्या बाजूला जाळीसारख्या फटी असतात, तिथून पाणी ओढलं जातं. ओढणारा पंप ड्राइव्हमध्ये असतो किंवा इंजिनावर, पण त्याचा इंपेलर रबराचा. विहिरीवरच्या मोनोब्लॉकचा इंपेलर धातूचा असतो, कोरडा फिरला तरी थोडा वेळ तग धरतो. रबराचा मिनिटभरातच पात्या गमावून बसतो. इंजिनाभोवती फिरलेलं हे पाणी शेवटी सायलेन्सरच्या वाटेत सोडलेलं असतं. गरम धूर त्या पाण्यानेच गार होतो आणि दोन्ही मिळून ड्राइव्हमधून बाहेर पडतात. पाणी थांबलं की एकटं इंजिनच तापत नाही, कोरडा धगधगता धूर त्या वाटेतले रबरी पाइप भाजून काढतो.

आपल्याकडे पाणी थांबायला कारणं भरपूर. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात येतं, त्यावर जलपर्णी माजते. तिची मुळं आणि प्लास्टिकच्या पन्न्या फटींवर चिकटतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळही ओढला जातो.

काटा चढायला लागला किंवा अलार्म वाजला, की आधी रेस कमी करून गिअर न्यूट्रल करावा आणि इंजिन बंद करावं. मग ड्राइव्ह वर उचलून फटी साफ कराव्यात. तापलेल्या इंजिनावर बादलीने पाणी ओतू नये, हेड तडकतं. रेडिएटरचं झाकण गरमागरम उघडू नये, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. थोड्या वेळाने इंजिन चालू होतं, काटाही खाली येतो आणि "झालं ठीक" म्हणून पुढची फेरी निघते. खरा धोका इथेच आहे. भाजलेला पाइप लगेच फुटत नाही. तो फुटतो पुढच्या फेरीत, तेव्हा पाणी आणि धूर दोन्ही बोटीच्या पोटात शिरतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही.

म्हणून बोट काठावर ओढल्यावर आधी इंपेलर काढावा आणि पात्या मोजाव्यात. तुटलेली पाती हवेत जात नाही, ती पुढे कूलरमध्ये, थर्मोस्टॅटपाशी किंवा पाइपाच्या वळणावर अडकून बसते. नवा इंपेलर टाकला आणि जुने तुकडे आतच राहिले तर आठवडाभरात तीच रड. तुकडे जोडून जुनी पाती पूर्ण होईपर्यंत शोधत राहायचं, हाच खरा मिस्त्रीपणा. पंपाचं घर वितळलं, ओरखडलं असेल तर तेही बदलायला हवं.

नंतर रबर. सायलेन्सरच्या वाटेतले पाइप हाताने दाबून पाहावेत. कडक झाले, फुगले, चकाकले, आतून सुटले, तर बदलायचे. ड्राइव्ह उतरवलाच आहे तर जॉइंट क्रॉसवरचा बूटही नवा टाकावा. तो फाटला तर बेअरिंग गंजतं आणि बोट उभ्या जागी बुडू शकते. त्याच्या किमतीत काटकसर करणं वेडेपणा आहे.

ऑइल दोन ठिकाणी पाहायचं. इंजिनाची डिपस्टिक दुधाळ दिसली तर हेड गॅस्केट गेलं असावं, मग कॉम्प्रेशन तपासावं लागेल. ड्राइव्हचं गिअर ऑइल वेगळं असतं. ते चहासारखं पांढरट निघालं तर सीलमधून पाणी गेलं. नट-चुंबकावर पिठासारखी बारीक धूळ चालते, धातूचे कण सापडले तर गिअर उघडावेच लागतात. नवं ऑइल खालच्या भोकातून वर चढवावं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा कोंडते. ड्राइव्ह परत बसवताना इंजिनाची अलाइनमेंट मोजावीच, ती चुकली की शाफ्टचे दाते खातात.

काठावर इंजिन कोरडं चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. फटींवर बसणारे रबरी कप मिळतात, त्याला नळी लावून पाणी सोडावं, मगच चावी फिरवावी. नाहीतर नवा इंपेलर तिथेच संपला.

पाण्यातली पहिली चाचणी सवारी न घेता, लाइफ जॅकेट घालून आणि दुसऱ्या बोटींपासून लांब. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनावर लोकांचा जीव गेला. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणीच चालू होती. इंजिनावर चालणाऱ्या बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नोंदणी आणि तपासणीही लागते, बसणाऱ्याने ते प्रमाणपत्र मागितलं तर वाईट वाटून घेऊ नये.

चाचणी काठाजवळ अर्धा तास घ्यावी. परतल्यावर तळाची फळी उचलून पोटात पाणी साचलं का ते पाहावं आणि इंजिन गार झाल्यावर दोन्ही ऑइल पुन्हा तपासावीत.